एका चेंडूचा सराव

वजनमापं खात्याच्या करमणुकीच्या खोलीत पूल खेळायचं टेबल आलं, त्या दुपारी आवकराव सहज म्हणून दारातून डोकावले आणि तिथेच सगळा घोळ झाला.

शहाणा माणूस नव्या वस्तूकडे घटकाभर बघतो, ‘छान आहे’ म्हणतो आणि आपल्या खुर्चीवर परत जाऊन बसतो. आवकराव शहाणेच होते, पण त्या दिवशी खिडकीतून तिरपं ऊन आत आलं होतं आणि हिरव्यागार कापडावर असं काही पसरलं होतं, की त्यांचे पाय दारातच खिळले. एवढं मोठं टेबल आणि त्यावर एकही फाइल नाही, हे दृश्य त्यांनी उभ्या नोकरीत पाहिलं नव्हतं. बघता बघता ते टेबल त्यांना टेबल वाटेना. कुठलं तरी संध्याकाळचं कुरण वाटायला लागलं. आपण त्यावरून अनवाणी चालत निघालोय, कुणी हाक मारत नाही, कुणाला पोच द्यायची नाही, अशी त्यांची समाधी लागली. नेमकं तेव्हा मागून साहेबांनी विचारलं, “काय, खेळता वाटतं?” आवकराव कुरणाच्या पार पलीकडच्या टोकाला होते. तिथून परत येईपर्यंत त्यांच्या तोंडून “हो” निघून गेलं होतं.

साहेबांना हर्ष झाला. उद्घाटनाचा सामना जोडीचा ठरला होता आणि समोर होते हिशेब शाखेचे मुख्य, ज्यांच्याशी साहेबांचं हाडवैर. साहेबांच्या जोडीला मात्र कुणी सापडत नव्हतं, कारण साहेबांबरोबर जिंकलं तर साहेब जिंकतात आणि हरलं तर आपण हरतो, हे खात्यात सगळ्यांना ठाऊक होतं. सामना सगळ्यांच्या बायकामुलांसमोर, शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर होणार होता. आवकराव आपल्या जागेवर आले, खुर्चीत बसले आणि आपण काय कबूल करून बसलो, ते त्यांच्या ध्यानात आलं.

आवकराव हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. खात्यात येणाऱ्या टपालावर ‘आवक’ असा शिक्का मारायचं काम त्यांच्याकडे होतं, म्हणून ऑफिसात आवकराव आणि ऑफिसातून उडत उडत बिल्डिंगमध्येही आवकराव. शिक्का मारायचं काम सोपं वाटतं. आवकरावांनाही ते सोपंच जाई, जोवर समोर कुणी उभं नसे. कुणी बघतंय असं कळलं, की त्यांचा हात थरथरायला लागायचा. एरवी ते दिवेलागणीच्या उजेडात सुईत दोरा ओवत. पण पोच घ्यायला आलेला माणूस खिडकीशी वाकला, की शिक्का कागद सोडून टेबलावर उमटायचा. बँकेत त्यांची सही कधी त्यांच्या सहीशी जुळली नाही, कारण काउंटरपलीकडची बाई सही करताना बघायची. घरी पाहुणे आले आणि ते पाण्याचा ट्रे घेऊन निघाले, की बायको स्वयंपाकघराच्या दारातच तो त्यांच्या हातून काढून घेई. ती काही बोलत नसे. ती काही बोलत नाही, हेच त्यांना जास्त लागायचं.

तेव्हा साहेब, हिशेब शाखा, जिंकणं-हरणं हे सगळं बाजूला ठेवा. आवकरावांना हवं होतं ते एवढंच, की एकदा, आयुष्यात एकदा, चार लोक टक लावून बघत असताना आपला हात जागेवर राहावा. आणि त्या चार लोकांत बायको असावी.

सरावाला सुरुवात करायची म्हणून ते दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत करमणुकीच्या खोलीत गेले, तर टेबलावर ताडपत्री घातलेली. चौकशी केल्यावर कळलं, की चेंडू प्रयोगशाळेत गेले. वजनमापं खातं गावभरच्या दुकानदारांची वजनं तपासतं, दांडी मारणाऱ्यांवर खटले भरतं, आणि त्याच खात्याच्या इमारतीत न तपासलेले चेंडू इकडून तिकडे फिरणार? उद्या कुणी विचारलं तर तोंड कुठे लपवायचं? म्हणून प्रत्येक चेंडू तोलून, मोजून, प्रमाणित होऊन यायचा होता. त्यात पिवळा चेंडू निळ्यापेक्षा केसभर हलका भरला आणि प्रयोगशाळेने विचारलं, की या दोघांत प्रमाण कुठला धरायचा? यावर वरिष्ठांचं मत मागवण्यात आलं. टेबल सपाट आहे की नाही हे पाहायला आलेल्या निरीक्षकांनी टेबल सपाट असल्याचा निर्वाळा दिला, पण इमारत थोडी कललेली असल्याचं नोंदवून ठेवलं. ते प्रकरण वेगळंच चिघळलं. तात्पर्य, सामन्याच्या दिवसापर्यंत टेबलाला कुणी हात लावायचा नाही असं ठरलं.

आवकरावांनी क्रीडासचिवांना गाठलं. हे एरवी भांडारात बसत आणि खेळांबद्दल त्यांची माहिती भांडारातल्या रॅकेटींइतकीच जुनी होती. त्यांनी सांगितलं, की काठीने चेंडू मारायचा, चेंडू भोकात जातो, ह्यापलीकडे त्यात काही नाही, बाकी नियम सामन्याच्या दिवशी पंच बघतील. पंच तेच होते. मात्र टेबलाबरोबर आलेलं एक भलं मोठं चित्र त्यांनी उदार मनाने देऊन टाकलं. त्यात एक माणूस टेबलावर वाकून काठी धरून उभा होता आणि त्याच्या टाचेपासून हनुवटीपर्यंत ठिकठिकाणी बाण काढले होते. चेहऱ्यावर अशी शांती, की आवकरावांना त्याचा हेवा वाटला. त्याच्याकडे कुणी बघत नसावं, असं त्यांनी मनाशी म्हटलं.

चित्र घरी जेवणाच्या टेबलासमोरच्या भिंतीवर लागलं. मग लक्षात आलं, की आपलं टेबल बुटकं आहे. आवकराव असले तरी वजनमापं खात्याचे. त्यांनी दुसऱ्या दिवशी ताडपत्रीखाली टेप घालून उंची घेतली आणि त्या मापाने घरच्या टेबलाच्या चारी पायांखाली विटा रचल्या. तेव्हापासून घरातली जेवणं उंचावर गेली. आवकरावांच्या आई खुर्चीवर उशांची चळत रचून बसायला लागल्या आणि त्यांना ते आवडलंही. इतकी वर्षं या घरात आपल्याला नीट काही दिसत नव्हतं, असं त्यांचं म्हणणं पडलं. बायको उभ्यानेच जेवायची. तिने फक्त विचारलं, की हे किती दिवस, आणि उत्तराची वाट न पाहता आमटी वाढली.

काठी म्हणून पुढच्या खोलीतल्या पडद्याची दांडी काढण्यात आली. ही आवकरावांची खरी चूक. दांडी गेली म्हणजे पडदा गेला, आणि पडदा गेला म्हणजे जेवणाच्या टेबलावर ओणवा झालेला, एक डोळा मिटलेला, हातात दांडी धरलेला एक मध्यमवयीन गृहस्थ सगळ्या बिल्डिंगला दिसायला लागला.

पहिले वर आले ते तळमजल्यावरचे कवायतमास्तर. पोलिसांच्या शाळेत आयुष्यभर कवायत शिकवून ते निवृत्त झाले होते आणि आता हुकूम द्यायला घरात कुणी उरलं नव्हतं. आवकरावांची कंबर धरली असावी, या समजुतीने ते मलम घेऊन आले होते. खरी हकीकत कळल्यावर त्यांनी मलम खिशात घातलं, चित्राकडे बराच वेळ पाहिलं आणि सांगितलं, की यातलं वरचं सगळं थोतांड आहे, खरी गोष्ट पायांत आहे. माणूस थरथरतो, कारण पळून जायचं की थांबायचं हे त्याच्या पायांचं ठरलेलं नसतं. मग त्यांनी खडूने फरशीवर आवकरावांची पावलं आखली, मागचा पाय सरळ, पुढचा किंचित वाकलेला, आणि त्यात त्यांना उभं करून मागून धक्का दिला. आवकराव टेबलावर पालथे पडले. ते धक्का देऊनही पडेनासे होईस्तोवर मास्तर रोज संध्याकाळी येत राहिले.

दुसरे आले पहिल्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर. मास्तरांचे हुकूम ऐकून त्यांच्या दवाखान्यातले पेशंट खुर्चीत दचकत होते, म्हणून ते खरं तर भांडायला आले होते. पण आवकरावांनी दांडी कशी आवळून धरलीय हे पाहून त्यांना राहवलं नाही. हत्यार पकडायचं नसतं, हातात राहू द्यायचं असतं, असं त्यांचं मत होतं. चिमटा आवळला, की आधी डॉक्टरचा हात थरथरतो आणि मग पेशंट ओरडतो. खांदा तिथेच, कोपर तिथेच, कोपराखालचा हात तेवढा झोक्यासारखा मागेपुढे. त्यांनी आवकरावांच्या जबड्याला बोट लावून तो सैल करायला सांगितलं. सवयीने आवकरावांनी मोठा आ केला, आणि सवयीने डॉक्टर आत वाकून बघू लागले. एक दाढ किडली होती. तो दिवस त्यातच गेला.

तिसऱ्या आल्या वरच्या मजल्यावरच्या गाण्याच्या बाई. त्या कुणाला काही शिकवायला म्हणून आल्या नव्हत्या, त्या दळणाचा डबा घेऊन जिन्यावरून चालल्या होत्या. उघड्या दारातून त्यांना आवकराव दिसले आणि त्या थबकून म्हणाल्या, की हा माणूस श्वासच घेत नाहीये. खरोखरच आवकराव नेम धरताना श्वास कोंडून ठेवत. बाईंनी डबा खाली ठेवला. श्वास आत घ्या, सोडा, अगदी संपेपर्यंत सोडा, असं त्या हळू आवाजात सांगत राहिल्या. तो संपतो ना, तिथे पुढचा सुरू व्हायच्या आधी एक जागा असते, तिथे कुणी नसतं, तिथे मारा. आवकरावांनी ती जागा शोधली. पहिल्या दिवशी त्यांना झोप लागली.

आता तीन गुरू म्हणजे तीन तऱ्हा. पाय आधी, हात आधी की श्वास आधी, यावरून अशी जुंपली, की गच्चीवर बैठक घ्यावी लागली. सोसायटीच्या सेक्रेटरींनी तीत आवाजाचा मुद्दा काढला. राहत्या जागेत क्रीडाविषयक ठोकाठोक करता येते का, हे नियमात कुठेच नसल्यामुळे ते फार अस्वस्थ होते. शेवटी टेबलाखाली सतरंजी घालायची, ठोकाठोक चहाच्या वेळेतच करायची आणि क्रम पाय, श्वास, हात असा ठेवायचा, असं ठरलं. सेक्रेटरींनीही सरावाला हजर राहायचं ठरवलं, अर्थात देखरेखीसाठी.

चेंडू एकच होता. बायकोने खेळण्यांच्या दुकानातून आणलेला, टणक, पांढराशुभ्र. मारायचा तो एकच असतो, मग जास्त कशाला, असं सगळ्यांचं एकमत होतं. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला आंघोळीचा मग आडवा बांधला होता. आवकरावांनी या टोकाला वाकायचं, पांढरा चेंडू मारायचा आणि तो सरळ जाऊन मगात पडायचा, हा सराव. सुरुवातीला चेंडू मग सोडून सगळीकडे गेला. तो शोकेसच्या काचेवर गेला, आईंच्या औषधांच्या बाटल्यांत गेला, उघड्या खिडकीतून मास्तरांच्या कुंडीत गेला. चेंडू जागेवर राहिला तर दांडीचं मागचं टोक काम करी. सेक्रेटरींचा चष्मा असाच गेला. आवकराव दरवेळी कान लाल करून माफी मागत. आपल्याच घरात, आपल्याच जेवणाच्या टेबलासमोर, एवढ्या लोकांच्या देखत रोज फजिती करून घेण्याची ही कुठली हौस, असं त्यांच्या मनात येई. पण दुसऱ्या दिवशी चहाची वेळ झाली, की पाय आपोआप खडूच्या पावलांत जाऊन उभे राहत.

आणि मग हळूहळू काहीतरी व्हायला लागलं. केव्हा, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. एका संध्याकाळी ते वाकले, हनुवटी दांडीला टेकली, श्वास सोडला, आणि त्या टोकाला पोचल्यावर त्यांना जाणवलं, की खोलीत गर्दी आहे आणि तरी कुणी नाही. मास्तर, डॉक्टर, बाई, सेक्रेटरी, उशांवर बसलेल्या आई, सगळे होते, पण कुठेतरी दूर, धुक्यापलीकडच्या काठावर. जेवणाचं टेबल लांबत लांबत गेलं. चेंडू त्यावरून इतका सावकाश निघाला, की त्याच्याबरोबर चालत जाता आलं असतं. मग मगात टण् असा आवाज झाला, आणि काठावरच्या लोकांनी एकदम श्वास सोडला.

मग तो टण् रोजचाच झाला. आवकरावांना स्वप्नंही तशीच पडायला लागली. ऑफिसातलं टपाल गोल होऊन हिरव्या उतारावरून आपापल्या शाखेत घरंगळत जायचं आणि ते शिक्का हातात धरून नुसते बघत बसायचे. जागेपणीही फारसा फरक नव्हता. बसच्या रांगेत ते नकळत मागचा पाय सरळ करून उभे राहत आणि मागचा माणूस वळसा घालून पुढे जाई. पोच घ्यायला आलेल्यांसमोर ते हनुवटी टेबलाला टेकवून, श्वास सोडून शिक्का मारू लागले. शिक्का कागदावरच पडे, पण आवकरावांची तब्येत बरी नसल्याची बातमी खात्यात पसरली.

सामन्याच्या संध्याकाळी अख्खी बिल्डिंग लोटली. आई दोन उशा घेऊन आल्या. ताडपत्री निघाली, प्रमाणपत्रांसकट चेंडू आले, पिवळ्या चेंडूला विशेष सवलत दिल्याचं पंचांनी वाचून दाखवलं. मग त्यांनी नियमही वाचायला घेतले, पण साहेबांनी घड्याळाकडे पाहिल्यामुळे आटोपतं घेतलं. बिल्डिंगला एवढंच कळलं, की आपल्या वाट्याचे चेंडू आधी घालायचे, काळा सगळ्यात शेवटी, आणि काळा गेला की डाव संपला. तेवढं पुरेसं होतं.

आवकरावांची पहिली पाळी आली तेव्हा त्यांनी एक चूक केली. त्यांनी समोर पाहिलं. खोली भरून चेहरे होते, आणि सगळे त्यांच्याकडे वळलेले. हात असा थरथरला, की काठीचं टोक पांढऱ्या चेंडूला शिवून बाजूला गेलं आणि चेंडू जेमतेम वीतभर सरकला. कुणीतरी खुदकन हसलं. साहेबांनी छताकडे पाहिलं. आवकराव काठीला धरून उभे राहिले आणि त्यांच्या मनात आलं, की झालं, हे असंच होतं आणि असंच राहणार. बायको पुढच्या रांगेत हिशेब शाखेच्या मुख्यांच्या बायकोशेजारी बसली होती. तिच्याकडे बघायची त्यांची छाती झाली नाही.

खेळ पुढे सरकला. त्यांच्या वाट्याला येणाऱ्या प्रत्येक पाळीला आवकरावांनी चेंडूला नुसता हात लावल्यासारखं केलं, आणि बाकीचं साहेबांनी चिडून चिडून ओढलं. चिडलेले साहेब बरे खेळत असावेत. होता होता टेबलावर साहेबांकडचा फक्त काळा उरला. तो पलीकडच्या कोपऱ्यातल्या पॉकेटच्या अगदी तोंडाशी येऊन थांबला होता. पांढरा अलीकडे, आणि मधे मोकळं हिरवं कापड. पॉकेट, काळा, पांढरा, सगळं एका सरळ रेषेत. लहान मूल झोपेत घालेल असा चेंडू. पाळी आवकरावांची होती.

आवकराव टेबलाशी आले. फरशीवर खडूची पावलं नव्हती, पण पाय आपोआप कुठेतरी जाऊन थांबले आणि थांबले ते थांबलेच. पुढच्या रांगेत मास्तर ताठ झाले. बाईंनी सगळ्यांना ऐकू जाईल असा लांब श्वास सोडला. डॉक्टरांनी स्वतःच आ केला. साहेब काहीतरी म्हणाले; “हळू मारा, हळू,” असं ते म्हणाल्याचं आवकरावांना नंतर कळलं. तेव्हा ते खाली वाकले होते, हनुवटी काठीला टेकली होती, आणि साहेब, हिशेब शाखा, वजनमापं खातं, सगळं पलीकडच्या काठावर जाऊन उभं राहिलं होतं. समोर ते कुरण होतं. त्यांनी श्वास सोडला, तो संपला, आणि तिथे कुणी नव्हतं. खांदा तिथेच, कोपर तिथेच. हात मागे गेला, आपल्याच मनाने पुढे आला.

चेंडू सुतासारखा सरळ गेला. काळ्याला लागला, काळा आत पडला. आणि पांढरा जेवणाच्या टेबलावर रोज शिकला होता तसा, कुठेही न थांबता, कुणाकडे न बघता, काळ्याच्या मागोमाग आत पडला.

आवकराव हलले नाहीत. मारल्यावर चेंडूचा आवाज थांबेपर्यंत उठायचं नाही, हा मास्तरांचा हुकूम होता. टेबलाच्या पोटात दोन चेंडू एकामागून एक घरंगळत चालले होते, लांब, कुठल्यातरी बोगद्यातून गेल्यासारखे, आणि आवकराव गाल काठीवर ठेवून ते ऐकत होते. इतकं चांगलं त्यांना कधीच वाटलं नव्हतं. पलीकडे कुठेतरी टाळ्यांचा पाऊस पडत होता आणि त्यात पंचांची शिट्टी वाजत होती.

ते सरळ उभे राहिले तेव्हा मास्तर पंचांच्या नाकाला नाक लावून उभे होते. काळ्याबरोबर पांढरा गेला, तर मारणारा डाव हरतो, असं पंच पुन्हापुन्हा सांगत होते. हे बिल्डिंगच्या कुणाच्याही डोक्यात शिरत नव्हतं. “अहो, एकाचं काम होतं तिथे माणसाने एका फटक्यात दोन घातले,” मास्तर म्हणाले, “आणि तुम्ही त्याला हरला म्हणता?” डॉक्टरांनी वैद्यकीय दृष्टीने हे चूक असल्याचं सांगितलं. सेक्रेटरींनी आयुष्यात प्रथमच एका नियमाच्या विरुद्ध बाजू घेतली आणि स्वतःच गांगरले. हिशेब शाखेचे मुख्य हात पुढे करून साहेबांपाशी आले, पण साहेब खोलीत नव्हते. ते जाताना फक्त एवढंच म्हणून गेल्याचं कळलं, की आवकरावांना जावक शाखेत टाका.

घरी परतताना मात्र हरल्याचं कुणाच्या तोंडावर नव्हतं. मास्तर पुढे, त्यांच्यामागे डॉक्टर आणि सेक्रेटरी, बाईंच्या खांद्याला धरून आई, अशी मिरवणूकच निघाली होती. प्रत्येक जण आवकरावांचा जो भाग आपण घडवला तो कसा हलला नाही, हे दुसऱ्याला पटवत होता. आवकराव आणि त्यांची बायको मागे राहिली. रस्त्यावरचे दिवे नुकते लागत होते. आवकरावांच्या पायांखाली अजून ते कापड होतं, पण डोक्यात आता हार उतरायला लागली होती, ऑफिसातलं उद्याचं हसू ऐकू यायला लागलं होतं.

“हरलो गं,” ते म्हणाले. “कुणाला ठाऊकच नव्हतं, की पांढरा आत गेलेला चालत नाही.”

“मला ठाऊक होतं,” बायको म्हणाली.

आवकराव चालता चालता थांबले. ती खाली बघून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. तिने सांगितलं, की तुम्ही टेबलाशी आलात तेव्हा शेजारी बसलेली मुख्यांची बायको तिच्या कानात म्हणाली, आता यांनी जोरात मारलं तर पांढराही मागून जाणार आणि संपलं, आमचेच जिंकणार. ते ऐकून आवकरावांची बायको उठून उभी राहिली होती. हाक तोंडात आली होती.

“मग?” आवकरावांनी विचारलं. आपला आवाज चढलाय, हे त्यांना कळलं. एवढे दिवस, एवढ्या विटा, काच, चष्मा, आणि एका हाकेवर सगळं वाचलं असतं. “मारायचीस ना हाक. मग का नाही मारलीस?”

“तुमच्याकडे बघितलं,” ती म्हणाली. “तुम्ही वाकला होतात. सगळी खोली तुमच्याकडे बघत होती आणि तुमचा हात हलत नव्हता. इतक्या वर्षांत तुम्हाला असं मी झोपेतसुद्धा बघितलेलं नाही. हाक मारली असती तर तुम्ही वर बघितलं असतं.” तिने बोटाला गुंडाळलेला पदर सोडवला. “मग मी खाली बसले.”

पुढून मास्तर दोघांना हाका मारत होते, मागे राहू नका म्हणून. आवकरावांना राग आला होता तो कुठे गेला, ते त्यांना सापडेना. बायको टक लावून आपल्याकडे बघतेय, हे त्यांना दिसत होतं आणि त्याची त्यांना लाज वाटत नव्हती.

“चुकलं का माझं?” तिने विचारलं. “पुढच्या वेळी मारीन हाक.”

“नको,” आवकराव म्हणाले. “पुढच्या वेळीही नको मारूस.” आणि ती दोघं बाकीच्यांना गाठायला निघाली.